पाक आला की बटण दाबायचं

कोल्हार
१२ जून २०२५

चि. धनश्री,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचतेस की नाही ते मला कळत नाही, म्हणून पोस्टाने लिहितोय. पोस्टातली बाई म्हणाली, "नाना, पाकीट कशाला, व्हॉट्सअ‍ॅप करा की." मी म्हटलं, मोबाईल बिघडलाय.

घरी सगळं आहे तसं आहे. तुझ्या आईचा गुडघाही आहे तसाच. परवा बाजारातून येताना माझी एक चप्पल वाटेत कुठेतरी राहिली. घरी आल्यावर तुझ्या आईने पायाकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं. ती म्हणाली, "ध्यान कुटं आसतं तुमचं?" मी परत जाऊन शोधली नाही.

लिहायचं कारण असं, की कारखान्याने पॅनवरच्या आम्हा सगळ्यांकडून लेखी जबाब मागितलाय. पंधरा सप्टेंबरला समिती बसणार आहे. दुसऱ्या पाळीच्या श्रीमंतला पॅनवरून कायमचा काढायचा की परत घ्यायचा, ते त्या दिवशी ठरेल. जबाब लिहायची मला सवय नाही, म्हणून आधी तुला लिहून बघतो. चुकेल तिथे मनातल्या मनात लाल शाई मार.

तर जबाब. मी, भागवत सूर्यभान, वय सत्तावन्न, या कारखान्यात बत्तीस वर्षं पॅनमन आहे. उसाचा रस आटवून पॅनमध्ये येतो आणि तिथे त्याचा पाक होतो. घरात लाडवाला करतात तसाच पाक, फक्त कढई तीन माणसं उंच आणि झाकण बंद. पाक नेमका आला की त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं, मग त्या बियावर दाणा वाढतो. लवकर सोडलं तर बी विरघळून जातं. उशीर झाला तर पाकात आपोआप चुरा धरतो आणि साखर रव्यासारखी होते, ती पोत्यात भरायच्या लायकीची राहत नाही. म्हणून पॅनमन स्टिक, म्हणजे पॅनमध्ये खुपसलेली दांडी, ओढून नमुना काढतो, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तार धरतो आणि ठरवतो.

२०२२च्या हंगामात पुण्याच्या कंपनीने तिसऱ्या पॅनला कॅमेरा आणि वायरी लावल्या आणि शेजारी एक हिरवं बटण बसवलं. पाक आला असं वाटलं की बटण दाबायचं आणि बी सोडायचं. त्या क्षणी आत उष्णता किती, घट्टपणा किती, ते कॉम्प्युटर टिपून घेणार आणि दोन हंगाम आमचं बघून शिकणार. पहिल्या पाळीला बटण मी दाबत होतो, दुसऱ्या पाळीला श्रीमंत. कंपनीच्या वतीने कु. धनश्री हजर असे. (इथे आधी 'माझी मुलगी' लिहिलं होतं, खोडलं. जबाबात नातं नको.)

दोन्ही पाळ्यांची बटणं जुळेनात. श्रीमंतचं माझ्यापेक्षा मिनिट-दीड मिनिट आधी पडायचं. दोन गुरुजींनी दोन उत्तरं सांगितल्यावर शिकणाऱ्याने काय करायचं? एकाचं धरायचं, एकाचं टाकायचं असं ठरलं. माझी बत्तीस वर्षं, त्याची अकरा. तू माझं धरलंस. गेल्या हंगामात तिसरा पॅन कॉम्प्युटरच्या हवाली केला आणि ओळीने अकरा वेळा चुरा झाला. सगळी साखर पुन्हा विरघळवावी लागली. चौकशीत कुणाला तरी धरायचं होतं. श्रीमंतची बटणं कागदावर आधीच 'चूक' म्हणून बाजूला काढलेली होती, तोच सापडला; त्यानेच मशीन बिघडवलं म्हणे. त्याला गोडाऊनला पोती उचलायला पाठवलं. तुला तुझ्या कंपनीने कामावरून बाजूला केलं.

मी बटण बरोबर दाबलं, एवढं लिहून सही केली की जबाब पुरा होतो. सही अजून केलेली नाही.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "नाना, तुम्ही मुद्दाम केलंत." मी गप्प बसलो आणि तू फोन ठेवलास. ते जबाबात घ्यायचं की नाही?

नाना


कोल्हार
६ जुलै

धना,

पहिलं पत्र पोहोचलं असं समजतो. परत तरी आलेलं नाही.

परवा नगरला जाऊन आलो. काम होतं थोडं. एसटी स्टँडवर चहा घेतला, परत आलो. तुझ्या आईला सांगितलं की पीएफच्या कागदाला गेलो होतो. काय झालं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, साहेब जेवायला गेले होते.

आठवीत असताना तू ओट्यावर बसून घोकायचीस, औद्योगिक क्रांती इंग्लंडमध्येच का झाली? कारणे लिहा. कोळसा, लोखंड, भांडवल, वसाहतींची बाजारपेठ, शोधक वृत्तीची माणसं. मी पुस्तक धरून समोर बसायचो. चार सांगितलीस की पाचवं विसरायचीस, आणि दर वेळी वेगळं. मी म्हणायचो, एवढी क्रांती झाली, एका कारणाने काय अडणार होतं? तू चिडायचीस.

पॅनवर आल्यावर तू मला आणखी एक सांगितलंस. तिकडे मजूर महाग होता आणि कोळसा स्वस्त, म्हणून मशीन परवडलं. मी विचारलं, मग इथे माणूस स्वस्तच आहे, इथे कशाला? तू म्हणालीस, "नाना, इथे हात महाग नाहीत. हात सारखे नाहीत." बिस्किटवाल्याला प्रत्येक पोत्यात एकाच मापाचा दाणा लागतो. पहिल्या पाळीचा जाड आणि दुसऱ्या पाळीचा बारीक हे त्याला चालत नाही. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. मशीनवर माझा राग कधी नव्हता. ऊसतोडीचं मशीन आलं तेव्हा मीही बांधावर उभा राहून बघितलं होतं. दोन तासांत एकर लोळवला. तेव्हा पलीकडे पाथर्डीकडची तोडणारी माणसं कोयते घेऊन बसली होती, तीही बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "लई झ्याक तोडतंय." कारखान्यामागे त्यांच्या कोप्यांची, पाचटाच्या झोपड्यांची, वस्ती असायची, आता निम्मीही उरलेली नाही. श्रीमंत त्याच कोप्यांमधला. आईबापांबरोबर ऊस तोडायला आला आणि इथेच राहिला.

पण पुस्तकातल्या कारणांत मला एक कमी दिसतं. सूत कातायचं मशीन कुणी बनवलं असेल तेव्हा त्याच्या शेजारी एखादी कातणारी बाई बसली असेल. तो विचारत असेल, आता बोट का हलवलंस, आता धागा ढिला का सोडलास. ती सांगत असेल. तिने सांगितलं नसतं तर कोळसा आणि लोखंड घेऊन तो काय करणार होता? आणि तिने खरं सांगितलं की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही.

आता बटणाचं. पॅनवर एक रीत आहे. माझे उस्ताद वैजनाथ यांनी घालून दिलेली. पहिल्या स्टिकवर बोलायचं नाही, पहिली स्टिक फसवते. दुसरी ओढायची, मग बोलायचं. आम्ही जुने सगळे तसंच करतो. श्रीमंत उस्तादांच्या हाताखाली नव्हता, त्याला ही रीत नाही, तो पहिल्याच स्टिकला दाबून मोकळा व्हायचा. मिनिटाचा फरक तिथेच पडला असणार. कुणी खोटं नाही, कुणी चूक नाही, रीत वेगळी.

हे जबाबात घातलं तर कसं? लिहिताना मला पटलं होतं. आता वाचून बघितलं तर तेवढं पटत नाही.

नाना


कोल्हार
१७ ऑगस्ट

धना,

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. तुला बाहेरून कळलीच असेल, पण माझ्याकडून कळली नाही.

मार्चमध्ये गाळप बंद झाल्यावर भिमाजीने कारखान्याच्या गेटजवळच्या मारुतीच्या देवळात माझा सत्कार केला. भिमाजी म्हणजे आमच्या कामगारांचा पुढारी, तुला ठाऊक आहे, आवाज मोठा आणि मनही मोठं. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर. तो म्हणाला, "नानांनी पोटच्या पोरीची मशीन पाडली, पर आपल्या भाकरीला धक्का लागू दिला न्हाई. असा मानूस व्हनार न्हाई." टाळ्या झाल्या. पेढेही होते.

मी हात जोडले. मी असं काही केलेलं नाही, एवढं वाक्य तोंडात होतं. ते बाहेर आलं नाही. श्रीमंत शेवटच्या रांगेत बसला होता, त्यानेही टाळ्या वाजवल्या.

तुला वाटेल मला शरम वाटली असेल. खरं सांगू? काही वाटलं नाही. फेटा बांधणारा माणूस कपाळावर पीळ देत होता आणि मी मारुतीच्या शेंदराकडे बघत होतो. हल्ली असंच आहे. कुणी मेल्याचं कळलं तरी मी आधी विचारतो, किती वाजता नेणार आहेत. तुझा फोन बंद झाल्यावर पहिल्या दिवशी मी तीनदा लावला, मग जेवलो, मग झोपलो. तुझी आई रडली. मी तिला म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे.

परवा गोडाऊनला गेलो होतो. श्रीमंत पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. गोडाऊनला पाठवल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. मी गेलो तर उठून उभा राहिला आणि अंगावरचा टॉवेल पोत्यावर अंथरला, मला बसायला.

"नाना, एक इचारू का?" म्हणाला. "रागावनार न्हाई ना?"

"विचार."

"माही तार खरंच चुकत हुती का? दोन हंगाम? रोजच?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय तुझ्या पाळीला होतो?

"न्हाई, म्हंजी तुमी म्हनता म्हनल्यावर चुकतच आसंल," तो म्हणाला. "मला आपलं वाटायचं बराबर हाय. बोटाला कळायचं. पर आता घरी चाच्या कपात साखर टाकताना बी हात थांबतोय. बायकू म्हनती, टाका की, काय येड लागलं का?"

तो हसला, म्हणून मीही हसलो. मग ट्रक लागला आणि तो पोतं पाठीवर घ्यायला उठला. चाळीस वर्षांचा माणूस आहे. पोतं त्याला जड जात नाही. त्याने मला भांडून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण माझ्यावर त्याचा विश्वास आहे. तुझाही होता.

जबाब अजून दिलेला नाही. साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेला.

नाना


कोल्हार
३० ऑगस्ट

धना,

रीतीचं मी लिहिलं होतं ते खोटं आहे. म्हणजे रीत खरी आहे, उस्तादही खरे, पण दीड मिनिटाचा फरक त्यामुळे पडत नव्हता. दुसरी स्टिक ओढायला दहा सेकंद लागतात. तू दोन हंगाम शेजारी घड्याळ घेऊन उभी होतीस, तुला हे पहिल्या ओळीलाच कळलं असेल.

पाकाची तार डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळते. उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं, डोळे मिटून. चिमटी उघडताना पाक आधी नुसता चिकटतो, मग थोडा ओढ धरतो. ती ओढ कळली की पाक आला. तार लांब होऊन चमकायला लागते ती नंतर, आणि ती कुणालाही दिसते, तुझ्या आईलाही. पॅनमनला पगार त्या मधल्या मिनिटाचा मिळतो.

माझ्या बोटांना ओढ कळत नाही. सहा वर्षं झाली.

आधी वाटलं, गरम पाकाने कातडी जाड झाली असेल, सगळ्यांची होते. मग एकदा अंगठ्याला फोड आला आणि तो कशाने आला ते मला सांगता येईना. मग पायाचं सुरू झालं. नगरला गेलो होतो ते पीएफच्या कागदाला नव्हे, डॉक्टरकडे. त्याने टाचणी घेतली, मला डोळे मिटायला सांगितलं आणि विचारत राहिला, आता लागतंय का, आता? मी दोनदा अंदाजाने हो म्हटलं. तो म्हणाला, काका, मी टाचणी लावलेलीच नाही. साखरेचा आजार आहे, जुना आहे, बोटांच्या नसा मेल्या आहेत आणि आता त्या परत येणार नाहीत. जन्मभर साखर कारखान्यात राहून साखर झाली म्हणून तो थोडा हसला, मीही हसलो. गोळ्या दिल्यात, चालू आहेत.

तर मी बटण दाबत होतो ते तार बघून. डोळ्याने, म्हणजे उशिरा. रोज उशिरा, दोन हंगाम. तुझ्या कॉम्प्युटरने ते नीट टिपून घेतलं. तो काही चुकला नाही. माझी बोटं जेवढं सांगत होती तेवढंच तो शिकला.

तू विचारशील, मग माझ्या पाळीची साखर चांगली कशी निघत होती? चुरा धरायचा, मी वरून पाणी मारून तो विरघळवायचो आणि पुढे रेटायचो. पॅनला तासभर जास्त लागायचा. जुना माणूस आहे, सावकाश शिजवतो, असं सगळे म्हणायचे. मशीनला कुणी पाणी मारायला शिकवलं नव्हतं, कारण ते मी तुझ्या नकळत करत होतो. तू खाली टेबलाशी आकडे बघायला उतरलीस की.

मी मुद्दाम काही पाडलं नाही. पण तू तसं म्हणालीस तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. पोरीला दगा देणारा बाप चालेल, कामगारांसाठी पोटच्या पोरीवर उठलेला माणूस तर फारच चालेल. बोटं मेलेला पॅनमन चालणार नाही. सत्काराच्या दिवशीही मी तेवढ्याचसाठी गप्प बसलो. तुझी नोकरी, श्रीमंतची इज्जत, दोन्ही समोर दिसत होतं आणि मी माझी दोन बोटं झाकत होतो.

जबाब आज लिहिला. श्रीमंतचं प्रत्येक बटण बरोबर होतं, माझं प्रत्येक चूक, असं लिहिलंय. डॉक्टरचा कागद जोडलाय. एक प्रत या पाकिटात आहे. तुमच्या कंपनीकडे श्रीमंतची टाकून दिलेली बटणं असतीलच, ती बाहेर काढ.

पण पंधरा तारखेच्या आत मला श्रीमंतशी बोलायला हवं. त्याचं बटण खरं ठरलं तर तुझं मशीन चालेल. मशीन चाललं तर त्याला पॅनवर परत घ्यायला पॅनच उरणार नाही. हे मी एकट्याने कसं ठरवू?

नाना


कोल्हार
१६ सप्टेंबर

धना,

समिती काल बसली. आधी श्रीमंतचं सांगतो.

मी त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, बोटं पुढे करून. त्याने माझा अंगठा हातात घेतला आणि चिमटा काढला, जोरात. मी नुसता बघत राहिलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला होता, ती तशीच चुलीपाशी उभी राहिली.

त्याने अंगठा सोडला. मग म्हणाला, "म्हंजी मी बराबर हुतो."

"पहिल्या दिवसापासून."

"आन तुमी हे लिवून दिलं तर मशीन चालंल. मंग मी बी घरी, तुमी बी घरी, समदेच घरी."

मी म्हटलं, हो. म्हणून विचारायला आलोय. तू नको म्हणालास तर कागद फाडतो, नुसतंच तुला पॅनवर घ्या म्हणून सांगतो.

तो उठून दारात गेला. रस्त्यावरून दुधाचा टेम्पो जात होता, तो पार जाईपर्यंत बघत उभा राहिला. मग म्हणाला, "लिवा, नाना. खोटा ठरून पोती उचलन्यापरीस खरा ठरून घरी बसंल मी. पोरगी साळंत इचारती, पप्पा, तुमी काय बिगडावलं?" आणि मग बायकोला म्हणाला, "चा दे की त्यांला, काय बघती." मला वाटलं होतं, तो मला हाकलेल. चहात साखर त्याने स्वतः टाकली, दोन चमचे, न थांबता. मग आठवलं की मला चालत नाही, आणि तो कप स्वतः घेतला.

समितीत साहेबांना माझा कागद खरा वाटेना. भिमाजी तर उभाच राहिला. "पोरीला वाचवायला मानूस सोताला आंधळा बी म्हनंल," असं म्हणाला. गाळप बंद, पॅन थंड, सिद्ध कशावर करायचं? मीच सुचवलं, कॅन्टीनला चला. कॅन्टीनवाल्याने गॅसवर कढई ठेवली, साखर-पाणी घातलं. मला आणि श्रीमंतला डोळ्यांना रुमाल बांधून दोन बाजूंना उभं केलं. वाढपी झाऱ्याने थेंब काढून दोघांच्या बोटांवर द्यायचा. सगळे भोवती, चहाचे ग्लास हातात घेऊन.

श्रीमंत म्हणाला, न्हाई. परत म्हणाला, न्हाई. तिसऱ्यांदा म्हणाला, "आला." केमिस्टने मोजून बघितलं, नेमका. मी काहीच बोललो नाही, मला कळतच नव्हतं. मग कुणीतरी ओरडलं आणि माझा हात धरून ओढला. मी चाचपत हात पुढे नेला होता, तो कढईत होता. रुमाल सोडला तर दोन बोटं पांढरी झाली होती आणि भिमाजी माझं मनगट धरून नळाकडे नेत होता. तो म्हणाला, "नाना, आरं नाना." एवढंच. त्याने आयुष्यात मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

सगळ्यांनी सह्या केल्या. श्रीमंतवरचा ठपका काढला. तुझ्या कंपनीला पत्र गेलंय, त्यात तुझी चूक नव्हती असं स्पष्ट लिहिलंय. ते मी साहेबांसमोर वाचून घेतलं.

बोटांना पट्टी आहे. दुखत नाही, त्याचंच वाईट वाटलं. हे पत्र तुझ्या आईला सांगून लिहून घेतलंय, अक्षर तिचं आहे. तिने मधे दोनदा लिहायचं थांबवलं. तिलाही काल पहिल्यांदा कळलं.

नाना


कोल्हार
७ डिसेंबर

धना,

आता माझ्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

तुझ्या जागी कंपनीने पाठवलेला माणूस महिनाभर इथे होता. श्रीमंतची जुनी बटणं कॉम्प्युटरला शिकवली, नव्याने वायरी जोडल्या. हंगामाचा पहिला पॅन श्रीमंतने समोर उभं राहून बघितला. बी सोडायची वेळ आली तेव्हा त्याने स्टिक ओढली, चिमटी उघडली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मशीनने आपणच बी सोडलं. तो तोंड उघडंच ठेवून माझ्याकडे बघायला लागला. त्याच मिनिटाला, धना. त्याच. साखर चांगली निघाली, एकसारखी. तुझ्या बिस्किटवाल्याला आवडेल.

पुढच्या हंगामापासून बाकीच्या पॅनलाही लावणार आहेत. मला मार्चमध्ये निरोप देतील. श्रीमंतला आणि बाकीच्यांना कुठे टाकायचं ते अजून ठरलेलं नाही, कदाचित कुठेच नाही. गेटवर चार माणसं मला रामराम घालत नाहीत. भिमाजी घालतो, पण थांबत नाही. शाल कुणी परत मागितली नाही, एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. श्रीमंत मात्र सगळ्यांना सांगत फिरतो, मशीनात बसलंय ते माहं बोट हाय. पुढे तो काय करणार आहे ते त्यालाही ठाऊक नाही.

मंगळवारी तुझा फोन आला. नऊ महिन्यांनी. मी दुकानात होतो, दुकानदार सुटे मोजत होता. तू नमस्कार-चमत्कार काही केला नाहीस. विचारलंस, "नाना, सहा वर्षं. आणि त्यातले दोन हंगाम मी तुमच्या शेजारी उभी होते. मला का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, इथे रेंज नाही. रेंज होती. फोन ठेवून दुकानातून बाहेर आलो आणि पुलापर्यंत चालत गेलो.  उत्तर आता लिहितो.

दहावीनंतर तू संगमनेरला होस्टेलला गेलीस, मग पुण्याला. सुट्टीत आलीस की मी कामावर आणि मी आलो की तू झोपलेली. तुझे बाबा काय करतात असं कुणी विचारलं की तू म्हणायचीस, साखर कारखान्यात असतात. एवढंच. त्यात तुझी काही चूक नव्हती, मीही उस्तादांकडे जायच्या आधी पॅन बघितला नव्हता.

मग त्या हंगामात तू डोक्यावर हेल्मेट घालून जिना चढून वर आलीस, वही काढलीस आणि मी स्टिक ओढल्यावर इतकी जवळ वाकलीस की तुझा श्वास माझ्या मनगटाला लागला. तिथे मला अजून कळतं. तू विचारलंस, "आता काय वाटतंय बोटाला, नीट सांगा." मी काहीतरी सांगितलं आणि तू ते लिहून घेतलंस. दुसऱ्या दिवशीही लिहून घेतलंस. दोन हंगाम तू रोज माझ्या हाताकडे बघत होतीस, धना. जन्मात पहिल्यांदा. त्या हातात आता काही उरलेलं नाही, हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

नाना